डोळ्यांतले पाणी कोठे जाते?



गेल्या आषाढी वारीत लोणंदच्या मुक्कामी पावसाची झड लागली. तंबूभोवती चर खणला होता, तरी पाणी आत यायचे ते आलेच. हरिपाठाला अजून अवकाश होता. आमच्या दिंडीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी पिशवीतून साने गुरुजींची 'श्यामची आई' काढली आणि भोवती बसलेल्या बायांना वाचून दाखवू लागल्या. आईच्या शेवटच्या आजाराचा भाग आला तसा तंबू गप्प झाला. कोणी पदराने डोळे पुसत होते, कोणी तोंड फिरवून बसले होते. कोपऱ्यात एक वयोवृद्ध वारकरी बसले होते. त्यांच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. ते अस्वस्थ झाले आणि म्हणाले, "वारीत येऊनही आपण प्रपंचासाठीच रडायचे का? तेही पुस्तकातल्या प्रपंचासाठी? तुकोबारायांची बायको गेली, मूल गेले, तेव्हा त्यांनी देवाचे उपकार मानले. आणि आपण कुणा श्यामच्या आईसाठी रडतो!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "महाराज, तुम्हीच सांगा."

मी हसून वेळ मारून नेली. तेवढ्यात हरिपाठाला टाळ लागले आणि विषय तिथेच राहिला. पण प्रश्न खरा होता आणि तो मला विचारला जाणेही योग्यच होते. ज्याने चाळीस वर्षे कीर्तनात उभे राहून लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले, त्याला त्या पाण्याचा हिशेब द्यावाच लागतो. आज वयाच्या सत्तरीनंतर, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेल्यावर, तो हिशेब तुमच्यासमोर मांडतो.

आपल्या परंपरेत पूर्वपक्ष आधी नीट मांडावा लागतो. त्या वारकरीबाबांचे म्हणणे मी तीन शंकांत मांडतो. पहिली शंका : कथा-कादंबरीतले दुःख खरे नव्हे, मग त्यासाठी रडणे व्यर्थ नाही का? दुसरी शंका : घरच्या माणसांसाठी रडणे हा मोह आहे. अर्जुन आप्तांना पाहून गळून गेला तेव्हा भगवंतांनी त्याला थोपटले नाही, त्या गळून जाण्याला दुबळेपणा म्हटले. तिसरी शंका त्यांनी बोलून दाखवली नाही, पण तीच सर्वांत अवघड आहे. असे रडणे गोड लागते. माणूस रडतो, हलका होतो आणि जसा होता तसाच उठतो. मग त्या रडण्याचा उपयोग काय?

पहिल्या शंकेपासून सुरुवात करू.

आपल्या देशातले पहिले काव्यच एका घरावर आलेल्या संकटातून जन्मले, असे परंपरा सांगते. व्याधाने क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला नर मारला, मादी आक्रोश करू लागली आणि तो ऐकून वाल्मीकींच्या मुखातून जो शोक बाहेर पडला, तो छंदात पडला. तो पक्षी वाल्मीकींचा कोण होता? कोणी नव्हता. परक्याच्या घरचे दुःख आपल्या छातीत उठणे, हाच काव्याचा उगम ठरला. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. त्यांत करुण आहे आणि त्याचा स्थायीभाव शोक आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने तर करुण हाच एक रस मानला आणि बाकीच्या रसांना त्याची रूपे ठरवले.

त्याच भवभूतीच्या 'उत्तररामचरित' नाटकाचा पहिला अंक पाहा. रामाचा वनवास संपला आहे, राज्याभिषेक झाला आहे, सीता शेजारी बसली आहे. लक्ष्मण त्यांना त्यांच्याच आयुष्याची चित्रे दाखवतो. जनस्थानाचे चित्र येते, सीताहरणाची आठवण येते आणि सीता हाताच्या अंतरावर असताना चित्रातल्या विरहाने रामाचे डोळे भरून येतात. प्रत्यक्ष विरहात रामाला शोध घ्यायचा होता, सुग्रीवाशी सख्य करायचे होते, सेतू बांधायचा होता, लढायचे होते. दुःखाकडे नीट पाहायला सवड कोठे होती? चित्राने ती सवड दिली.

तुमच्या-आमच्या घरीही हेच होते. घरात कोणी गेले की पहिले चार दिवस लाकडे, निरोप, दूध, पाहुण्यांचे जेवण आणि पैशाची तजवीज यांतच जातात. त्या दुःखात 'माझे आता कसे होणार' ही चिंता मिसळलेली असते. कथेत ती चिंता नसते. श्यामच्या आईच्या मृत्यूने तुमच्या घरचे दूध बंद होत नाही की कर्ज वाढत नाही. म्हणून तिचे दुःख तुम्ही जसे आहे तसे पाहू शकता. आपल्या साहित्यशास्त्राने याला साधारणीकरण म्हटले. कथेतले दुःख त्या एका माणसाचे राहत नाही आणि निव्वळ माझेही होत नाही. 'माझे' आणि 'परक्याचे' यांमधली भिंत तेवढ्या वेळेपुरती पातळ होते. म्हणून कथेतल्या रडण्याला खोटे म्हणू नये. कधीकधी ते घरच्या रडण्याहून निर्मळ असते.

आता पुस्तकाकडे येऊ. 'श्यामची आई' हे गुरुजींच्या स्वतःच्या आयुष्यावर उभे आहे, तरी ते आत्मचरित्र म्हणून लिहिलेले नाही. श्याम नावाचे पात्र रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगते, अशी त्याची बांधणी आहे. प्रकरणांनाही 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' असेच म्हटले आहे. १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी त्याचा बहुतेक भाग अवघ्या चार-पाच दिवसांत लिहून काढला आणि १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. सांगणारा एक, भोवती ऐकणारे, रात्रीची वेळ. म्हणजे हा घाट आपल्या कीर्तनाच्या जवळचा आहे. म्हणून कीर्तनकाराच्या नजरेने त्याची पारख करणे मला जमेल असे वाटते.

हे पुस्तक रडवते कसे? पुष्कळांना वाटते, आई मरते म्हणून. तसे नाही. नुसत्या मरणाने श्रोता रडत नाही, हे मी माझ्या अनुभवाने सांगतो. कीर्तनात 'आणि ती माउली गेली' असे म्हटले तर लोक फार तर 'अरेरे' म्हणतात. जी गेली तिला आधी त्यांनी स्वयंपाकघरात पाहिलेले असावे लागते. गुरुजी ते दाखवतात. कोकणातल्या त्या घराची उतरण ते एकेक पायरीने सांगतात. आधी मोठे घर, मग वाटण्या, मग झोपडी, मग कर्ज. सावकाराचा माणूस वसुलीला येऊन बसतो आणि बोलू नये ते बोलतो. शेवटी गावात दवंडी पिटली जाते. प्रत्येक पायरीवर एखादी लहानशी वस्तू असते. दिवाळीत आईला भाऊबिजेचे पैसे मिळतात. स्वतःचे लुगडे फाटके असताना ती त्या पैशांतून नवऱ्यासाठी धोतर आणवते. शाळेसाठी परगावी राहणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवतो. धोतर, कोट, लाकडाची मोळी, मीठ. दुःख अशा वस्तूंना चिकटून येते तेव्हा वाचकाला ते हातात घेता येते.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. या पुस्तकातली आई स्वतःच्या दुःखाकडे पाहत नाही. तिची नजर सदा दुसऱ्या कोणाकडे असते : नवऱ्याकडे, मुलाकडे, शेजारणीकडे, मांजराकडे, गायीकडे, झाडावरच्या मुक्या कळ्यांकडे. दुःख भोगणारा स्वतःसाठी रडू लागला की श्रोत्याला काम उरत नाही. जो स्वतःसाठी रडत नाही, त्याच्यासाठी आपण रडतो. भांड्यात पाणी राहावे म्हणून ते रिकामे ठेवावे लागते, तसे हे आहे. आणि ती आई नुसती मऊही नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शिंपटीने मारते आणि मग त्याचे वळ पाहून तिचेच डोळे भरतात. अशी आई गेली की घरातून नुसती माया जात नाही, घराचा कणा जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे मृत्यूच्या वेळी श्याम तेथे नाही. शिक्षणासाठी तो दूर आहे. घरी पोचतो तेव्हा आई उरलेली नाही. शेवटचे सारे त्याला इतरांकडून कळते. ज्याची सारी रात्र आईच्या आठवणीत जाते, त्याला तिचा शेवटचा क्षण मिळालेला नाही. कीर्तनात मी हा प्रसंग सांगायचो तेव्हा मृदंगवादकाला हात थांबवायला सांगत असे. इथे वाजवण्यासारखे काही नाही. गुरुजींनी जे लिहिले त्यापेक्षा जे श्यामला पाहता आले नाही ते इथे अधिक बोलते.

आता दोषही सांगतो, कारण नुसत्या स्तुतीला समीक्षा म्हणत नाहीत. गुरुजींचा आपल्या श्रोत्यावर पुरता विश्वास नाही. प्रसंग पूर्ण होतो, डोळे भरतात आणि तेथेच थांबावे तर गुरुजी त्यावर प्रवचन सुरू करतात. कधी ऐकणाऱ्या मित्रांचे डोळे पाणावल्याचे सांगतात. म्हणजे 'आता इथे रडायचे' अशी खूण वाचकाला मिळते. आम्ही कीर्तनकार यात त्यांच्याहून मोठे गुन्हेगार आहोत. एखादा प्रसंग रंगला की आवाज कापरा करायचा, उपरण्याने डोळे टिपायचे, मागच्या टाळकऱ्यांनी माना हलवायच्या. श्रोत्याला वाटते, महाराज रडले म्हणजे रडायलाच हवे. हे पाणी डोळ्यांतून येते, पण आतल्या झऱ्याचे नसते. तरुण कीर्तनकारांना माझे हात जोडून सांगणे आहे, आवाज कापरा करू नका. मीठ, कोट, मोळी नीट सांगा आणि थांबा. श्रोत्याला जे करायचे ते तो करील.

इथवर मी पुस्तकाचा हिशेब मांडला. आता माझा मांडतो, कारण तिसऱ्या शंकेचे उत्तर पुस्तकात नाही, ते वाचणाऱ्यात आहे.

पस्तीसएक वर्षांपूर्वी एका खेड्यात सप्ताह होता. माझी सेवा पाचव्या दिवशी होती. त्या रात्री मी दृष्टांताला 'अळणी भाजी'चा प्रसंग घेतला. तुम्हांला तो ठाऊक आहे. आई घाईत भाजीत मीठ घालायला विसरते. वडील पानावर बसतात, भाजी खातात, चांगली झाली म्हणतात आणि मीठ मागतही नाहीत. बाईने एवढा जीव ओतून रांधले, तिला उगाच का दुखवायचे? मागून आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते आणि आपण अळणी वाढले म्हणून तिला वाईट वाटते. कोणी मेले नाही, कोणी आजारी नाही, केवळ मीठ नाही. आणि तरी त्या रात्री मांडवातले निम्मे लोक डोळे पुसत होते. मलाही समाधान वाटले. कीर्तन साधले, असे वाटले.

कीर्तनानंतर आम्हा मंडळींचे जेवण एका घरी होते. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. पंधरा-वीस पाने मांडली होती. मी पहिला घास घेतला आणि, वाचकहो, भाजीत मीठ नव्हते. मी पान थोडे पुढे सारले आणि मोठ्याने म्हणालो, "अहो, मीठ आहे की नाही घरात?" यजमान ओशाळले. आतल्या खोलीकडे पाहून सुनेला टाकून बोलले. आतून भांडे पडल्याचा आवाज आला आणि दाराच्या फटीतून एका हाताने मिठाचे वाटके पुढे आले. माझ्या शेजारी आमचे वृद्ध वीणेकरी बसले होते. त्यांनी वाटके पुढे सरकवले, स्वतः घेतले नाही. खाली मान घालून ते भाजी खात राहिले. मग वाढणाऱ्या मुलाला म्हणाले, "बाळ, भाजी आण थोडी." आणि त्यांनी ती दुसऱ्यांदा घेतली. तीही अळणीच.

त्यांनी मला काही सांगितले नाही. नंतरही कधी त्यावर बोलले नाहीत. पण माझा घास घशात अडकला. दोन तासांपूर्वी ज्या प्रसंगावर मी शेकडो माणसे रडवली, तोच प्रसंग माझ्या पानावर आला होता आणि मला तो ओळखता आला नव्हता. आणखी एक गोष्ट मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचली. त्या सुनेने माझे कीर्तन ऐकलेच नव्हते. मी मांडवात अळणी भाजी सांगत होतो तेव्हा ती चुलीपुढे आमच्यासाठी भाजी करत होती.

दुसऱ्या दिवशी काकड्यानंतर मी वीणेकऱ्यांच्या पाया पडलो. पण त्या माउलीला नमस्कार करावा हे मला सुचले नाही. सुचले तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती. तिचे नावही मी विचारले नाही. ते देणे अजून माझ्यावर आहे.

तेव्हा त्या वारकरीबाबांची भीती खोटी नव्हती. कथेवरचे रडणे मांडवात उगवून मांडवातच सुकू शकते. माझे सुकले. वीणेकऱ्यांचे मात्र पानापर्यंत पोचले. कथा तीच, रात्र तीच, ऐकणारेही तेच. फरक पाण्याचा नव्हता, ते वाहून कोठे गेले याचा होता.

आता दुसरी शंका : घरच्यांसाठी रडणे हा मोह नाही का?

भगवद्गीतेच्या आरंभी अर्जुनाला आप्त दिसतात आणि त्याला कळवळा येतो. ज्ञानोबारायांनी त्याच्या विरघळण्याला मिठाची उपमा दिली आहे. पाणी लागले की मीठ जसे विरते, तसे त्या धीराच्या वीराचे अंतःकरण विरले. हा कळवळा भगवंतांनी स्वीकारला नाही. पण त्याच गीतेत, बाराव्या अध्यायात, भगवंत आपल्या प्रिय भक्ताची लक्षणे सांगतात तेव्हा द्वेषरहित असण्याच्या आणि मैत्रीच्या जोडीला करुणा येते आणि ती सर्व भूतांसाठी सांगितली आहे. म्हणजे भगवंतांना हृदय विरघळण्याचे वावडे नाही. अर्जुनाचे हृदय विरघळले ते माझे काका, माझे गुरू, माझे भाऊ एवढ्यापुरतेच. ते मीठ एकाच वाटीत राहिले. हा त्यातला दोष होता.

तुकोबारायांचे उदाहरण बाबांनी दिले, तेही नीट पाहू. दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नाविना गेली, मुलगाही गेला. त्यानंतर देवाला उद्देशून त्यांनी जे उद्गार काढले ते कठोर वाटतात, हे खरे. पण साधू कोणाला म्हणावे हे सांगताना याच तुकोबारायांनी जी खूण दिली ती आठवा. गांजलेल्यांना जो आपले म्हणतो तो साधू. आणि पुढे त्यांनी माप कोणते दिले? पोटच्या मुलावर जी दया करायची तीच घरातल्या दास-दासींवर करणारा. मला इथे थांबावेसे वाटते. दयेचे माप म्हणून तुकोबारायांनी पुत्रावरची मायाच घेतली आहे. ज्याने मुलासाठी जीव तोडणे म्हणजे काय हे जाणले नाही, तो दासीला कोणत्या मापाने माया मोजून देणार? मूल गमावलेल्या बापाने दिलेले हे माप आहे, हे विसरू नये.

वाचकहो, मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. घरचे दुःख हे माप आहे. चांगली कथा ते माप आपल्या हातात देते. ते घेऊन कोठे जायचे, हे आपल्यावर असते. अर्जुनाने ते आपल्याच घरात भरून ठेवले. तुकोबारायांनी ते दारात मांडले.

साने गुरुजींनी त्या मापाचे काय केले, हे आपल्या पंढरीने पाहिले आहे. 'श्यामची आई'त 'देवाला सारी प्रिय' हे प्रकरण आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन चालली आहे. मोळी पडते. तिच्या एकटीने ती उचलवत नाही आणि विटाळाच्या भीतीने कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. ती आंघोळ त्या आईची मर्यादा आहे. काळाची, घराची, तिच्या समजुतीची मर्यादा. गुरुजींनी ती लपवली नाही, हा त्या पुस्तकाचा मोठा प्रामाणिकपणा आहे. आईने मुलाला अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडले.

उरलेली अर्धी वाट मुलगा पंढरपूरपर्यंत चालला. विठ्ठलाच्या देवळाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवले आणि शेवटी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले. तनपुरे महाराजांच्या मठाने त्यांना जागा दिली, हे आपल्या संप्रदायाचे भूषण. पण गुरुजींना विरोध करणाऱ्यांतही गळ्यात तुळशीची माळ असलेले लोक होते, ही आपली लाज. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि दार उघडले. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर पायरीपाशी आहे, त्यांच्या माणसांना त्या पायरीच्या आत जायला शेकडो वर्षे लागली.

आता विचार करा. स्वतःच्या आईसाठी एवढे रडणाऱ्या माणसाला कोणी हळवा म्हटले, कोणी रडवा म्हटले. पण त्याच्या डोळ्यांतले पाणी आईच्या चितेपाशी सुकले नाही. त्या म्हातारीच्या मोळीपाशी गेले आणि तेथून नामदेव पायरीपर्यंत आले. आईने सांगितलेली आंघोळ मात्र त्याने वाटेत सोडून दिली. याला मोह म्हणायचे असेल तर असा मोह पांडुरंगाने आपल्या सर्वांना द्यावा.

म्हणून त्या वारकरीबाबांना माझे उत्तर असे. बाबा, तंबूतल्या बाया रडल्या तर रडू द्यावे. त्यांच्यापैकी कित्येक जणी आईच्या आजारात माहेरी पोचू शकल्या नसतील. घरात कोणी गेले तेव्हा पाहुण्यांचे रांधण्यात त्यांचे रडायचे राहून गेले असेल. त्या दिवसाचे रडणे लोणंदच्या पावसात, एका पुस्तकाच्या निमित्ताने आज होत असेल. नामदेवरायांनीही ज्ञानोबांच्या समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा आणि भावंडांचा शोक गायला आहे. आईबाप लहानपणीच गमावलेली ती चार भावंडे, आणि त्यांतला एक आता डोळ्यांदेखत समाधीत उतरतो आहे. ज्ञानी निवृत्तिनाथ तेथे कासावीस झाले. तो शोक आपण कार्तिकात आळंदीला दरवर्षी ऐकतो आणि त्याला प्रपंच म्हणत नाही. मग कोकणातल्या एका गरीब बाईच्या मरणाला तरी का म्हणावे?

आणि रडणाऱ्यांना माझे सांगणे असे. पुस्तक मिटल्यावर लगेच डोळे पुसू नका. त्या ओल्या डोळ्यांनी एकदा आजूबाजूला पाहा. दिंडीत तुमच्या पुढ्यात भाकरी कोण ठेवतो? पाऊस आला तेव्हा तंबूबाहेर चर कोण खणत होता? घरी तुमचे वाचन चालू असताना स्वयंपाकघरात कोण आहे? तिला कथा ऐकायला मिळाली का? पुढच्या वेळी ती ऐकायला बसेल आणि तुम्ही चुलीपाशी जाल, असे करता येईल का? कथेची परीक्षा मांडवात होत नाही, पानावर होते.

मी ती परीक्षा एकदा नापास झालो आहे. आता कीर्तन सुटले, दात गेले, वैद्यांनी मीठही कमी करायला सांगितले आहे. घरी सूनबाई माझ्यापुरती अळणी भाजी वेगळी काढते. रोज पहिल्या घासाला मला ते वीणेकरी आठवतात, दाराच्या फटीतून पुढे आलेला तो हात आठवतो, आणि मी म्हणतो, "बाळ, भाजी छान झाली आहे." ती हसते. तिला वाटते, सासरे गोड बोलतात. तिला काय ठाऊक, मी जुने देणे फेडतो आहे.

रामकृष्णहरी.